डोनर म्हणून माझं नाव

९ फेब्रुवारी
परत सुरू झालं. औषध संपून आठवडासुद्धा झाला नव्हता. सासूबाई (साबा) सकाळी संडासापर्यंत पोचल्याच नाहीत. चादर, गाऊन, पायपुसणं, पॅसेजची फरशी, सगळं मी काढलं. हा जंतू सॅनिटायझरने मरत नाही, हात साबणाने चोळून धुवायचे नि फरशीला ब्लीच लावायचं, असं नर्सने आम्हां दोघांनाही बजावून सांगितलं होतं. ते ह्या घरात फक्त मला ऐकू आलं. बोटांची सालं निघालीत.

नितीन दारात उभा राहून म्हणतो, "मी काही करू का?" मी म्हटलं, विचारतोस काय, आई तुझी आहे, बादली उचल. उचलली मग. नाकाला रुमाल लावून.

साबा भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. गाऊनमधून खांद्याची हाडं दिसतात. दिवाळीपर्यंत मुलुंडच्या मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायच्या, रिक्षा करा म्हटलं तर माझ्यावरच डाफरायच्या.

अंधेरीला ऑफिसात उशीर. दिवसभर दुसऱ्यांचे मेडिक्लेम तपासले. कोणाच्या तरी आतड्याचे फोटो समोर ठेवून डबा खाल्ला. सवय झाली.

१० फेब्रु.
साबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेली पाकिटं डब्यात, पुढच्या वेळी कोणाला काही झालं की त्यातलं जे हाताला लागेल ते. अर्ध्या सोसायटीला त्यांनी ह्या डब्यातून 'बरं' केलंय. घशाला अँटिबायोटिक, दाढेला अँटिबायोटिक, शिंका आल्या तरी अँटिबायोटिक. दिवाळीत दाढ काढली, मग लघवीचं इन्फेक्शन. खालचे डॉक्टर दर खेपेला आधीपेक्षा जोरदार काहीतरी लिहून देत गेले आणि साबा वरून स्वतःच्या मनाने डब्यातलंही घेत गेल्या. लागली वाट.

नि. म्हणतो, कशाला फेकल्यास, आईला वाईट वाटेल. मी म्हटलं, गोळ्या फेकल्यात, आई नाही फेकली.

१४ फेब्रु.
व्हॅलेंटाइन डे पोटाच्या डॉक्टरांकडे. साबांना बाहेर बाकावर बसवलं, आत मी आणि नि.

डॉक्टर तरुण आहेत, घाई करत नाहीत. म्हणाले, निरोगी आतड्यात जंतूंची दाट वस्ती असते. आपल्याला न पचलेलं ते पचवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला खायला मिळतं, एखादं व्हिटॅमिनही बनवतात. आणि मुख्य म्हणजे जागा धरून बसतात, त्यामुळे बाहेरच्या गुंड जंतूला हातपाय पसरायला मिळत नाहीत. साबांच्या आत अँटिबायोटिकने ही वस्तीच उठवली. मोकळ्या पडलेल्या जागेत हा सी. डिफ शिरला. औषधाने तो मरतो, पण त्याची बीजं मागे राहतात, आणि अडवणारं कोणी नसलं की पुन्हा उगवतात. तिसऱ्यांदा उगवलाय. असंच चालू राहिलं तर त्या टिकायच्या नाहीत, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

उपाय म्हणजे वस्ती परत बसवायची. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, सलाइनमध्ये मिसळून गाळायची आणि दुर्बिणीतून साबांच्या आतड्यात सोडायची.

नि. म्हणाला, "म्हणजे... कोणाची तरी शी?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "घरातलाच डोनर बघा. तयार मिळणं आपल्याकडे कठीण आहे."

मला हसू आलं. नि.ला नाही आलं.

१५ फेब्रु.
बोरिवलीहून मेधाताई आल्या. नि.ची मोठी बहीण. नवऱ्यासह, मुलासह. हॉलमध्ये दार लावून बैठक, साबा आत झोपलेल्या. मीच डॉक्टरांच्या अटी वाचून दाखवल्या. डायबेटिस नको, पोटाचा आजार नको, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक नको, रोजची औषधं शक्यतो नकोत.

भावोजींना शुगर. मेधाताई रोज चूर्ण घेतल्याशिवाय मोकळ्या होत नाहीत, वर थायरॉइड. त्यांचा ओजस तोंडावरच्या पिंपल्ससाठी कॉलेज सुरू झाल्यापासून अँटिबायोटिक घेतोय. नितीन रोज ॲसिडिटीची कॅप्सूल, आणि मागच्या महिन्यात खोकल्यासाठी त्याच डब्यातलं काहीतरी. आईने दिलं, मी घेतलं, म्हणे.

मग सगळे पंख्याकडे बघायला लागले. माझ्याकडे कोणीच बघेना, तेव्हाच मला कळलं. मी शेवटची गोळी कधी घेतली ते मला आठवतसुद्धा नाही.

मेधाताई म्हणाल्या, "बाहेरचा कोणी मिळत नाही का? पैसे देऊन?"

बाहेरचा चालेल, मी नको. ठीक आहे.

१९ फेब्रु.
भांडण. आत्तापर्यंतचं सगळ्यात मोठं.

भावाबहिणीचं फोनवर ठरलंय. डोनर मीच, पण साबांना सांगायचं की मेधाताई आहेत. पोटच्या पोरीचं म्हटलं की त्या निमूट तयार होतील.

नि.: "तिला मनाचा त्रास नको, एवढंच गं. आत गेल्यावर त्यावर काय नाव लिहिलेलं असतं का?"

मी: "नाही ना? मग माझं नाव सांगायला काय हरकत आहे?"

डोकं दुखतंय म्हणून गॅलरीत गेला.

अकरा वर्षं झाली लग्नाला. साबा मला कधी टाकून बोलल्या नाहीत, कधी शिवी दिली नाही. त्या फक्त म्हणतात, "तू दमतेस, राहू दे, नैवेद्याचं मी बघते." दर सणाला मी दमते. "तुमच्यात असं करतात का गं?" असं इतक्या गोड आवाजात विचारतात की चिडायलाही जागा राहत नाही. आम्ही बौद्ध, हे त्या चुकून कोणासमोर बोलत नाहीत, "ती मानखुर्दची" एवढंच म्हणतात.

आणि मानखुर्दला माझ्या माहेरी आल्या की दर वेळी त्यांचा उपास. सोमवार, गुरुवार, कुठला तरी प्रदोष. एकदा मम्मीने आधी विचारून घेतलं आणि मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली. नवीन पातेलं आणलं, दाण्याचं कूट घरी केलं. साबा म्हणाल्या, "अगंबाई, आज निर्जळी आहे हो माझा." मम्मीने डबा भरून दिला. तो येताना टॅक्सीत नितीनने खाल्ला, चवीने.

तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलणार. माझं नाव सांगा आणि मग न्या. नाहीतर ओजसच्या पिंपल्स बऱ्या होईपर्यंत थांबा.

२२ फेब्रु., रविवार
मानखुर्द. मम्मीला सगळं सांगितलं. वाटलं होतं माझ्यापेक्षा जास्त भडकेल.

तर म्हणते, "मरायला टेकलेल्या बाईला अटी घालतीस? आपण पण त्यांच्यासारखंच वागायचं का मग?"

मी म्हटलं, मम्मी, तुझी खिचडी आठव. म्हणाली, "खिचडीचं काय एवढं, सिद्धूनं खाल्ली असती." नितीनने खाल्ली, हे सांगितलं. म्हणाली, "बघ, जावयानं खाल्ली की. वाया नाय गेली."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. बुद्धवंदना करते रोज आणि सगळ्या जगाला माफ करून मोकळी होते, मग रागवायचं काम उरतं एकट्या माझ्यावर. सिद्धू, माझा भाऊ, तेवढा माझ्या बाजूने. लिफ्ट दुरुस्तीला गेला होता, आल्या आल्या म्हणाला, "ताई, नाव सांगितल्याशिवाय द्यायचं नाय हां. बिलकुल नाय."

ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी, अंबाडीची भाजी. दाबून जेवले. राग असला की मला जास्त भूक लागते.

२५ फेब्रु.
नि.ने सांगितलं. मी दाराबाहेर नव्हते, स्वयंपाकघरात होते, पण ऐकू आलं. "आई, डोनर प्रज्ञा आहे. दुसरं कोणी बसत नाही त्यात."

साबा म्हणाल्या, "बरं."

एवढंच. मी गॅस बंद करून तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. रडू का आलं मला? इतक्या वर्षांत ह्या बाईच्या तोंडून माझ्या कुठल्याच गोष्टीला नुसतं 'बरं' आलं नव्हतं, त्यापुढे 'पण' असायचाच. लिहून ठेवते, पुढे कधी राग आला तर वाचायला.

४ मार्च
माझे रिपोर्ट आले. रक्त, शौच, सगळं. त्याआधी एका बाईने भलेमोठे प्रश्न विचारले होते, टॅटू काढलाय का, परदेशी जाऊन आलात का, नवऱ्याशिवाय कोणी आहे का. नि. शेजारी बसलेला. मी म्हटलं, वेळ कुठाय.

डॉक्टर खूश. काय खाता विचारलं. मी सगळं सांगितलं. भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं, सुकी मच्छी, रविवारी मटण, मम्मीकडचं लोणचं. म्हणाले, "उत्तम. काहीच बदलू नका. तुमच्या आत जे आहे ते ह्याच खाण्यावर जगलंय. गुरुवारी, बाराला, प्रोसीजर करू. तोवर बाहेरचं खाऊ नका, नवीन काही पोटात घालू नका."

घरी येताना नि. म्हणाला, "झकास. टॉपर आहेस तू." बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

७ मार्च
मेधाताई सकाळीच हजर. बोरिवलीहून, सुट्टीच्या दिवशी, इतक्या लवकर. माझ्याशी एकदम गोड. "आमच्यासाठी केवढं करतेस गं." चहासुद्धा त्यांनीच ठेवला.

मग देवापाशी नेलं. चांदीच्या वाटीत तीर्थ होतं. आईसाठी नवस बोललेय, म्हणाल्या, तू एवढं घे, म्हणजे सगळं नीट पार पडेल. मी हे काही मानत नाही, त्यांना माहीत आहे. पण आत साबा उशीला टेकून बघत होत्या, त्या 'बरं'चा माझ्यावर अंमल होता, म्हटलं, एका घोटाने काय होतंय. हात पुढे केला. दही-तुपाची चव आणि मागून उग्र काहीतरी. "दूध जरा वेगळं आहे, गाईचं," म्हणाल्या.

घेतलं. साबांनी डोळे मिटले. मला वाटलं, देवाला हात जोडतायत.

१० मार्च
ताप. पोटात नुसते पिळे. कालपासून किती वेळा गेले, मोजायचं सोडलं. एका संडासाला दोघी जणी, सासू आणि सून. ऑफिसला कळवलं. नि. बादली घेऊन न विचारता आला, हे नोंदवते.

बाहेरचं काहीच खाल्लं नाही. ऑफिसात डबाच नेते. घरातल्या बाकी कोणाला काही नाही. कुठून आलं हे?

१२ मार्च
आज प्रोसीजरचा दिवस होता.

त्याऐवजी मी डॉक्टरांसमोर पोट धरून. रिपोर्टमध्ये गुराढोरांच्या आतड्यात राहणारा एक जंतू निघाला. डॉक्टर विचारतात, "गोठ्यात वगैरे गेला होतात? कच्चं दूध? शेणाशी काही संबंध?" मी म्हटलं, अहो, मी मुलुंड ते अंधेरी करते, मला गाय कुठे भेटणार. आणि सहज नि.कडे पाहिलं तर त्याचे कान लाल.

डॉक्टरांसमोर काही बोलला नाही. रिक्षात बोलला. तीर्थ नव्हतं ते. पंचगव्य होतं. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. मला शुद्ध करायला. मेधाताईंना त्यांच्या गुरुजींनी सांगितलं, देशी गाय हवी, ताजं हवं. म्हणून त्या पहाटे उठून आरे कॉलनीत गोठ्यांवर फिरल्या. "हल्ली देशी गाय मिळत नाही ना," नितीन म्हणाला. मला समजावून सांगत होता. ताईची किती वणवण झाली ते.

रिक्षा थांबवली. हायवेवर. उतरले आणि चालायला लागले. पोटात कळ आली म्हणून पुन्हा बसावं लागलं. ह्याचाच जास्त संताप आला.

१३ मार्च
मेधाताईंना फोन केला. माझी प्रस्तावना वगैरे काही नव्हती.

त्या: "अगं, आम्ही सगळे घेतो. ओजसच्या मुंजीत मीही घेतलं होतं. औषधी असतं ते."

मी: "तुम्ही घेता ते तुम्हाला माहीत असतं. मला तुम्ही खोटं सांगून पाजलंत."

त्या: "तुला सांगितलं असतं तर घेतलं असतंस का?"

घ्या. इतकं सरळ. नाही घेणार हे माहीत होतं म्हणून सांगितलं नाही, आणि वर मलाच विचारतात.

मी: "ताई, तुमच्या आईला जे हवं होतं ते माझ्यात होतं. जसंच्या तसं होतं. लॅबने तपासून स्वच्छ म्हणून सांगितलं होतं. त्यात तुम्ही शेण कालवलंत."

त्या रडायला लागल्या. मी फोन ठेवला. मला त्यांचं रडणं ऐकायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणालेत, अँटिबायोटिक घेतलं तर दोन दिवसांत आराम पडेल, पण मग डोनर म्हणून कित्येक महिने विसरा. तब्येत बरी आहे तुमची, पाणी-मीठ-साखर घेत राहिलात तर आपोआपही जाईल. तुम्ही ठरवा.

मी गोळी घेतलेली नाही. का, ते विचारू नये. मलाही माहीत नाही.

१६ मार्च
ताप उतरला. पाय अजून लटपटतात.

दुपारी नि. ऑफिसला गेल्यावर साबांच्या खोलीत गेले. दार लोटलं. सरळ विचारलं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी माहीत नाही असं सोंग घेतलं नाही, तेवढं त्यांचं मानते. म्हणाल्या, "मेधा म्हणाली, मी बघते काय ते. मी तिला नको म्हटलं नाही."

"म्हणजे हो."

"तुला त्रास व्हावा असं नव्हतं गं मनात."

"मग काय होतं?"

चादरीच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "माझं सगळं आयुष्य एका पद्धतीने गेलं. ते असं एका दिवसात जात नाही."

मी म्हटलं, "तुमचे कपडे मी धुते. तुम्हाला पुसते मी. चार महिने झाले. माझ्या हातांना कधी पंचगव्य लागलं नाही ते? घाण काढताना मी चालते, आणि द्यायची वेळ आली की शुद्ध व्हावं लागतं मला?"

आवाज चढला होता माझा. शेजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. अजून खूप बोलायचं होतं, खिचडीपासून सगळं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, मला जायचंय."

उठवलं. काखेत हात घालून नेलं. ह्या वेळी वेळेत पोचलो. बाहेर उभी राहून मी भिंतीवर डोकं टेकवलं. धुतलं, कोरडं केलं, आणून झोपवलं. त्यानंतर पुन्हा ते बोलणं सुरू करता आलं नाही.

२४ मार्च
साबा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये. सलाइन, पोटॅशियम कमी. तेच औषध परत, ह्या वेळी हळूहळू कमी करत नेणार. म्हणजे फक्त वेळ काढणं. डॉक्टरांनी नि.ला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वेळेला शरीर साथ देईल याची खात्री नाही. माझी पुन्हा तपासणी एप्रिलच्या मध्यात. तोवर दुसरा कोणी मिळाला तर बघा.

कोणी मिळालेलं नाही. नि.ने त्याच्या दोन मित्रांना विचारलं. एक हसत सुटला, दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

व्हॉट्सॲपवर नातेवाइकांचे उपदेश: ताक द्या, दही द्या, डाळिंबाची साल उकळून द्या. मेधाताईंनीही एक पाठवला. ग्रुप सोडला मी.

२९ मार्च
मेधाताई आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "तुला त्रास झाला असेल तर मला वाईट वाटतंय." झाला असेल तर. आठवडाभर ताप नि जुलाब काढले मी, त्यात 'असेल' कुठे बसतं? मी चप्पल घालून खाली गेले, त्या जाईपर्यंत सोसायटीच्या बाकावर बसले. वॉचमन विचारतो, "भाभी, घर में सब ठीक ना?" म्हटलं, एकदम ठीक.

नि. म्हणतो, किती दिवस धरून ठेवणार. मी म्हटलं, तू माझ्या आईला जाऊन सांग, तुझ्या बहिणीने मला काय पाजलं आणि का. स्वतःच्या तोंडाने. मग मला विचार. तोवर माझी तपासणीसुद्धा होणार नाही.

१४ एप्रिल
मानखुर्द. निळे झेंडे, डीजे, रस्त्यावर पाण्याचे नि सरबताचे स्टॉल. दरवर्षी चौदाला नि.चं नेमकं काहीतरी काम निघतं. ह्या वर्षी आला.

जेवायला बसल्यावर सांगितलं त्याने. सगळं. कोणाचं नाव लपवलं नाही, 'ताईची श्रद्धा' वगैरे काही मध्ये आणलं नाही. "आईला माहीत होतं," हेही. "मला ताईने आधी सांगितलं होतं, मी थांबवलं नाही," हे मलाही नवीन होतं. मला वाटत होतं त्याला नंतर कळलं. घास हातातच राहिला माझ्या.

सिद्धू ताटावरून उठून बाहेर गेला. मम्मी भाकरी थापत होती, थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग नितीनला विचारलं, "भात घेता का?" तो नको म्हणाला. तरी वाढला तिने.

निघताना मला मोरीजवळ ओढलं. मला वाटलं, आता परत तेच, माफ कर, जाऊ दे. तिचे डोळे असे मी कधी बघितले नव्हते. म्हणाली, "आता नको देऊ. तुला शेण पाजलं त्यांनी. अजिबात नको देऊ."

नितीनचं नंतर बघीन. पण त्याने सांगितलं तर तपासणी करीन असा शब्द दिला होता, उद्या सँपल देणार.

१७ एप्रिल
रिपोर्ट आला. माझ्या एकटीच्या फोनवर. सगळं स्वच्छ. खाली डॉक्टरांचा मेसेज: येत्या गुरुवारी करता येईल, आज संध्याकाळपर्यंत कळवा.

नि. ऑफिसला. मी घरून काम करतेय. दुपारी साबांना पेज नेली. हात थरथरतो म्हणून वाटी मी धरते, चमचा त्या धरतात. दोन-तीन चमचे झाल्यावर म्हणाल्या, "प्रज्ञा, रिपोर्ट आला का गं?"

आत्तापर्यंत हे सगळं नि.ला विचारायच्या, मी समोर असले तरी.

"आला."

"काय म्हणतो?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, "आधी तुम्ही सांगा. आता मध्ये ताई नाहीत, नितीन नाही. तुम्हाला माझं चालणार आहे का? मी आहे तशी. काही न करता."

त्यांनी चमचा पेजेत ठेवला. म्हणाल्या, "मला जगायचंय."

"मी हे नाही विचारलं, आई."

"तेवढंच खरं आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तू विचारतेस त्याचं हो म्हणून उत्तर देता येईल मला. आत्ता देईन. पण ते खोटं असेल. देऊ का?"

मी नको म्हटलं.

वाटी बाजूला ठेवली. त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, जोर काहीच नव्हता हातात, सोडवून घ्यायचं तर सहज सुटलं असतं.

एवढा राग मला त्या गोड 'तू दमतेस, राहू दे'चाही आला नव्हता. आणि खोटं बोलल्या असत्या तर ह्याहून जास्त आला असता, तेही खरं. काय करायचं अशा बाईचं?

मम्मीचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. नितीनचा मेसेज, काही कळलं का. त्यालाही उत्तर नाही. त्याचं वेगळं बघायचंय, ते एवढ्यात संपणारं नाही.

पलीकडून साबांच्या खोकल्याचा आवाज येतोय. गुरुवारी ऑफिसात मीटिंग आहे, ती पुढे ढकलता येईल. डॉक्टरांना 'चालेल' एवढं टाइप करून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.